डाउन सिंड्रोम आणि हिरड्यांचे आरोग्य

डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते, हे १९५९ साली सिद्ध झाले. या मुलांचे दात उशिरा येतात व सहसा कमी किडतात. त्यामुळे तोंड निरोगी असल्याचा समज होतो. धोका मात्र हिरड्यांना असतो. रोगप्रतिकारशक्ती दुबळी असल्याने उपद्रवी जंतू तेथे लहानपणीच ठाण मांडतात आणि न किडलेले दातही अकाली पडतात. जन्मजात हृदयदोष असल्यास हे जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचण्याची भीती असते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत कर्जत तालुक्यासारख्या ग्रामीण भागातही अंगणवाड्या व शाळांतून आरोग्य तपासणी होते. त्या दिवशी असे मूल घरी राहणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घ्यावी.