वेब अ‍ॅप आणि नेटिव्ह अ‍ॅप

वेब अ‍ॅप आणि नेटिव्ह अ‍ॅप हे भ्रमणध्वनीवर वापरल्या जाणाऱ्या उपयोजनांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. वेब अ‍ॅप ब्राउझरमध्ये चालते आणि त्याचा पत्ता उघडताच वापरता येते. नेटिव्ह अ‍ॅप विशिष्ट कार्यप्रणालीसाठी लिहिलेले असते व ते बहुधा अ‍ॅप स्टोअरमधून फोनवर उतरवून घ्यावे लागते. यांतून निवड करताना वेग व खर्च यांबरोबरच वापरकर्त्याच्या फोनची क्षमता आणि वितरणावरील नियंत्रण या बाबीही निर्णायक ठरतात.

स्वरूप

वेब अ‍ॅप एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांच्या साहाय्याने तयार होते. एकच आज्ञावली निरनिराळ्या फोनवर व संगणकांवर चालते, तसेच सर्व्हरवर केलेली दुरुस्ती वापरकर्त्याने काहीही न करता त्याच्यापर्यंत पोहोचते. नेटिव्ह अ‍ॅप अँड्रॉइडसाठी सामान्यतः कोटलिन किंवा जावा, तर आयओएससाठी स्विफ्ट किंवा ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषांत लिहितात. त्यामुळे दोन स्वतंत्र आज्ञावल्या सांभाळाव्या लागतात; मात्र ब्लूटूथ, संवेदक इत्यादी सुविधांचा अधिक उपयोग करता येतो.

इतिहास

२००७ साली आयफोन बाजारात आला, तेव्हा बाहेरील विकसकांसाठी वेब अ‍ॅप हाच अधिकृत मार्ग होता. जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर सुरू झाल्यावर नेटिव्ह अ‍ॅपचा झपाट्याने प्रसार झाला. २०११ मध्ये फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्राने वेब अ‍ॅपचा मार्ग स्वीकारला. वर्गणीतील ३० टक्के वाटा आणि वाचकांविषयीची माहिती हे अ‍ॅपलशी असलेल्या मतभेदाचे मुद्दे होते. फेसबुकचा प्रवास उलट दिशेने झाला. वेब तंत्रज्ञानावर आधारलेले आपले संथ आयओएस अ‍ॅप बदलून त्याने २०१२ मध्ये नेटिव्ह अ‍ॅप आणले. एचटीएमएल५ वर अवाजवी भिस्त ठेवणे ही चूक होती, असे मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे मान्य केले.

२०१५ मध्ये अ‍ॅलेक्स रसेल व फ्रान्सेस बेरिमन यांनी 'प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप' ही संज्ञा रूढ केली. अशी अ‍ॅप फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवता येतात आणि सर्व्हिस वर्कर या तंत्रामुळे जोडणी नसतानाही काही अंशी चालतात.

भारतातील अनुभव

२०१५ मध्ये मिंत्रा या कंपनीने संकेतस्थळ बंद करून केवळ अ‍ॅपद्वारे विक्री सुरू केली. परंतु २०१६ मध्ये संकेतस्थळ पुन्हा सुरू करावे लागले. फ्लिपकार्टनेही मोबाइलवरील संकेतस्थळ बंद केले होते. त्याऐवजी नोव्हेंबर २०१५ मध्ये 'फ्लिपकार्ट लाइट' हे प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप आणण्यात आले. फोनमधील अपुरी जागा आणि मंद जोडणी यांमुळे अ‍ॅप उतरवून न घेणारा ग्राहक गमावणे परवडणारे नाही, हे या घटनांतून दिसून आले.

निवडीचे निकष

वृत्तपत्रे, अर्ज, वेळापत्रके, शालेय निकाल अशा क्वचित किंवा अल्पकाळ वापरल्या जाणाऱ्या सेवांसाठी वेब अ‍ॅप सोयीचे ठरते. भारी खेळ, चित्रफीत-संपादन किंवा पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या कामांसाठी नेटिव्ह अ‍ॅप अधिक योग्य असते. आयफोनवर वेब अ‍ॅपना सूचना पाठवण्याची सोय २०२३ मध्ये आयओएस १६.४ पासून मिळाली. तीही अ‍ॅप मुख्य पडद्यावर ठेवले असल्यासच. अनेक संस्था दोन्ही प्रकार एकत्र राबवतात: नवागतासाठी वेब अ‍ॅप आणि नित्य वापरकर्त्यासाठी नेटिव्ह अ‍ॅप.