लॅकर वाळत नाही, मग घट्ट कसं होतं?

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ड्रॉवरचं एक बैठं कपाट आहे. बर्नार व्हान रिझनबर्ग या कारागिराने घडवलेलं हे कपाट १७३७ मध्ये फ्रान्सच्या राणीसाठी फाँतेनब्लोच्या राजवाड्यात गेलं. त्यावरचं काळं-सोनेरी लॅकर मात्र जपानी आहे. त्या काळी पॅरिसमध्ये जपानी वस्तूंवरचं लॅकर लाकडाच्या पातळ पापुद्र्यासकट कापून नव्या फर्निचरवर चिकटवत, आणि उरलेली जागा स्थानिक व्हार्निशने रंगवत. म्हणजे शेजारी शेजारी दोन वेगळे पदार्थ, दिसायला सारखे. आता सांगा, असं फर्निचर पुसायचं कशाने?

इथे नावावर विसंबू नका. 'लॅकर' शब्दाचं मूळ आपल्या 'लाख' शब्दात आहे, पण लाख किड्यापासून मिळते आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. जपानी उरुशी हा झाडाचा चीक. एकदा घट्ट झाला की तो विरघळत नाही.

असं का? चिकात उरुशिऑल असतं, थोडं पाणी असतं आणि लॅकेस नावाचं, तांबं असलेलं एन्झाइम असतं. हे एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंफतं. त्यासाठी ओलावा लागतो, म्हणून वस्तू साधारण ७०–८० टक्के आर्द्रतेत ठेवतात. कोरड्या खोलीत थर चिकटच राहतो! चिकातल्या या एन्झाइमचं काम १८८३ मध्ये हिकोरोकुरो योशिदा यांनी दाखवलं. आपला बिब्बा याच झाडाच्या कुळातला. त्याच्या तेलातही उरुशिऑलसारखीच रसायनं असतात, म्हणून बिब्बा उततो तशी कच्ची उरुशीही अंगावर उतते.

विरघळत नाही म्हटल्यावर नेहमीच्या पद्धती अडतात. मग कणभर नमुना ऑक्सिजनशिवाय तापवून तोडतात (पायरोलिसिस) आणि तुकडे जीसी-एमएसने ओळखतात. त्यावरून चीक जपान-चीनकडच्या झाडाचा, व्हिएतनामकडचा की ब्रह्मदेशातला, हे कळू शकतं.

पण तो कण परत मिळत नाही. शिवाय उजेडाने झिजलेल्या उरुशीला साधं पाणीही बाधतं, त्यामुळे 'विरघळत नाही' म्हणजे 'काहीही लावा' असं नव्हे. म्हणून नमुना घेण्याआधी वहीत दोन ओळी लिहा: उत्तर 'उरुशी' आलं तर मी काय करणार, आणि 'लाख' आलं तर काय? दोन्हीकडे एकच उत्तर येत असेल, तर तो कण कपाटावरच राहू द्या.