टॅपेट कव्हरला नवा रंग द्यायचाय? घरी काय जमतं, वर्कशॉपवर काय सोडावं, वाचा सविस्तर

स्वारगेट (पुणे) : बॉनेट उघडलं की इंजिनच्या डोक्यावर जे झाकण दिसतं त्याला गॅरेजवाले टॅपेट कव्हर म्हणतात. कुणी हेड कव्हर म्हणतं, इंग्रजीत व्हॉल्व्ह कव्हर. सात-आठ वर्षं गाडी चालली की त्याचा रंग उडतो, वर तेल-धुळीचा काळा थर बसतो. सध्या मोबाईलवर व्हिडिओ बघून हे कव्हर घरीच लाल, निळं, काळं करायची हौस गावोगावी वाढली आहे. काम अवघड नाही. पण चुकलं तर रंगाच्या डब्यापायी इंजिन खोलायची वेळ येते.

हे झाकण करतं काय?

कव्हरच्या खाली कॅमशाफ्ट, रॉकर आणि व्हॉल्व्ह असतात. त्यांच्यावर सतत ऑईल उडत असतं. ते बाहेर येऊ नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये, एवढंच या झाकणाचं काम. कव्हर आणि हेडच्या मध्ये रबराचं पॅकिंग असतं. रंग दिसण्यासाठी असतो, ऑईल अडवतं ते पॅकिंग. पॅकिंग कडक झालं की ऑईल झिरपतं. ते गरम सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडलं तर धूर होतो, आगही लागू शकते. पेट्रोल गाडीत प्लगच्या खड्ड्यात उतरलं तर गाडी मिसिंग करते.

आधी कव्हर कशाचं आहे ते ओळखा

चुंबक लावून बघा. चिकटलं तर पत्र्याचं. चिकटलं नाही, पण हाताला गार आणि जड लागलं तर ॲल्युमिनियमचं. हलकं असेल, टिचकी मारल्यावर बोदा आवाज आला तर प्लास्टिकचं. नव्या बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचंच असतं. पावडर कोटिंग भट्टीत भाजावं लागतं, म्हणून प्लास्टिकच्या कव्हरला ते करताच येत नाही. असं कव्हर धुवून-पुसून ठेवलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट इंजिनची. पेट्रोल गाडीचं कव्हर काढणं तुलनेनं सोपं. कॉमन रेल डिझेल गाड्यांत मात्र बऱ्याचदा इंजेक्टर आणि त्यांचे पाइप कव्हरवरूनच गेलेले असतात. चालू इंजिनात त्या पाइपातला दाब हजार बारच्या वर जातो. एवढ्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. अशा गाडीचं कव्हर मिस्त्रीकडूनच काढून घ्यावं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

काढताना

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. काही खोलण्याआधी मोबाईलवर चार-पाच फोटो काढा. कोणती वायर, कोणता पाइप कुठे होता हे जोडताना लक्षात राहत नाही. वायरींना नंबर टाकलेली चिकटपट्टी लावा. कव्हरच्या भोवतालची माती ब्रशने झाडून घ्या, नाहीतर ती थेट आत पडेल.

बोल्ट एकदम सोडू नका. बाहेरच्या बाजूने सुरुवात करून सगळे थोडे थोडे ढिले करा. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने हलके ठोका, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. पॅकिंगच्या जागेवर चरा पडला की तिथून ऑईल येणार. कव्हर निघाल्यावर उघडं हेड स्वच्छ प्लास्टिकच्या कागदाने झाका. एखादा नट आत पडला तर सापडेपर्यंत गाडी सुरू करायची नाही.

धुणं हेच निम्मं काम

तेलावर रंग धरत नाही. आधी रॉकेल किंवा डिझेलने, मग भांड्याच्या साबणाने आणि गरम पाण्याने कव्हर घासून घ्या. पेट्रोल वापरू नका, एका ठिणगीचं काम असतं. बऱ्याच घरी कॉस्टिक सोडा असतो. पत्र्याला तो चालतो, पण ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. तो या कामात आणूच नका.

जुना रंग पेंट रिमूव्हर आणि वायर ब्रशने काढा. नंतर १८० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. रिमूव्हर लावताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

इथे एक मोठा धोका आहे. अनेक कव्हरच्या आतल्या बाजूला ऑईल अडवणारी पत्र्याची पट्टी बसवलेली असते. कव्हर सँडब्लास्ट केलं तर वाळूचे कण तिच्यामागे अडकतात. धुतलं तरी सगळे निघत नाहीत. गाडी चालू झाली की तेच कण ऑईलमधून बेअरिंगपर्यंत जातात. पट्टी काढता येत नसेल तर ब्लास्टिंग करू नका, हातानेच घासा.

घरी स्प्रे मारताना

पॅकिंग बसतं ती कड, बोल्टची भोकं, प्लगची जागा आणि ऑईलच्या झाकणाचे आटे मास्किंग टेपने नीट झाका. आतल्या बाजूला रंगाचा थेंबही जाऊ देऊ नका. गरम ऑईलने तो सुटतो आणि ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. जाळी तुंबली की इंजिनला ऑईल मिळत नाही.

रंग इंजिनसाठीचा, उष्णता सोसणाराच घ्या. दाराच्या ग्रिलला मारतो तो साधा ऑईल पेंट पिवळा पडतो, पापुद्रे निघतात. ॲल्युमिनियमवर आधी एच प्रायमर लागतो. त्यावर तीन-चार पातळ हात द्या, दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. पावसाळी, दमट हवेत रंग पांढुरका पडतो, म्हणून कोरडा दिवस बघा. जागा मोकळी, पण वारा-धूळ नसलेली हवी. चूल, शेगडी, बिडी जवळ नको. टू-के प्रकारच्या रंगातला हार्डनर फुफ्फुसाला घातक असतो, तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. तो रंग घरी वापरूच नये.

इंजिनचे बरेच रंग उष्णतेने पक्के होतात. किती तापमान, किती वेळ हे डब्यावर छापलेलं असतं. तापवायला घरातला स्वयंपाकाचा ओव्हन घेऊ नका. काही रंग इंजिनच्या स्वतःच्या उष्णतेनेही पक्के होतात, डब्यावर तसं लिहिलंय का बघा.

पावडर कोटिंग म्हणजे काय?

यात पातळ रंग नसतो. कोरडी पावडर बंदुकीतून विजेचा भार देऊन उडवतात, ती अर्थिंग दिलेल्या धातूला चिकटते. मग वस्तू भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर दहा ते वीस मिनिटं भाजतात. पावडर वितळते आणि सलग, चिवट थर तयार होतो. स्प्रेपेक्षा तो जास्त टिकतो.

घरगुती बंदूक विकत मिळते. पण अर्थिंग, एकसारखी वीज आणि वेगळी भट्टी लागते. हवेत उडालेली पावडर ठिणगीने भडकू शकते. गावाकडे लाईटीचा खेळ सगळ्यांना माहीत आहे, भाजणी अर्धवट राहिली तर थर कच्चा राहतो. म्हणून हे काम वर्कशॉपवर देणंच परवडतं.

कव्हर सुटं असतं आणि पिशवीत मावतं. भोर, सासवड, बारामतीकडून एसटीने स्वारगेटला उतरलं की भोसरी एमआयडीसी किंवा नऱ्हे-धायरी भागातल्या छोट्या कारखान्यांत पावडर कोटिंग होतं. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून पिंपरी-चिंचवडकडे थेट मेट्रो आहे. पॅकिंग, बोल्टच्या रबरी वॉशरसाठी नाना पेठेतला स्पेअर पार्टचा बाजार जवळ आहे. मात्र स्प्रेचे डबे, थिनर एसटीतून आणू नका, ते पेट घेतात.

वर्कशॉपवाल्याला तीन गोष्टी सांगा. पॅकिंगची कड आणि आटे झाकायचे. ब्लास्टिंग करायचं असेल तर आधी विचारायचं. आणि ॲल्युमिनियमच्या छिद्रांत जुनं ऑईल मुरलेलं असतं, म्हणून पावडर मारण्याआधी कव्हर एकदा कोरडं भाजून घ्यायचं. नाहीतर वर फोड येतात. देण्याआधी सगळं रबर आणि प्लास्टिक काढून ठेवा.

परत बसवताना

जुनं पॅकिंग पुन्हा लावू नका. पॅकिंगच्या खाचेत सगळीकडे सिलिकॉन भरायची सवय चुकीची. जिथे कंपनीने सांगितलंय, बहुधा कोपऱ्यांवर, तिथेच थेंबभर लावा. जास्तीचं सिलिकॉन आत पडून जाळी तुंबवतं. बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत आवळा. ते नाजूक असतात, बहुतेक गाड्यांत ८ ते १२ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. लांब पाना लावून दम काढला तर आटे जातात किंवा कव्हर तडकतं.

गाडी दहा मिनिटं चालवून बंद करा, कडेने पांढरा कागद फिरवा. डाग आला नाही तर काम झालं. दोन दिवसांनी पुन्हा एकदा बघा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा

बॉडीचा रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते, टॅपेट कव्हरच्या रंगाला लागत नाही. याचाच फायदा काही विक्रेते घेतात. कव्हर चकाचक रंगवतात, खालची गळती तशीच ठेवतात. म्हणून सेकंड हँड गाडी बघताना वरच्या रंगावर जाऊ नका. कव्हरच्या मागच्या, हात पोचत नाही अशा कडेला मोबाईलची बॅटरी लावा. तिथे ओलं ऑईल, ताजं सिलिकॉन किंवा बोल्टच्या डोक्यावरही रंग दिसला तर कव्हर न काढता घाईत रंगवलंय समजा. इसार देण्याआधी ओळखीच्या मिस्त्रीला गाडी दाखवा.