लाल मातीवरची नगरपरिषद

दस्तुरी नाक्यावर मोटार थांबते आणि माथेरानचा कारभार सुरू होतो. सुट्टीतल्या गर्दीवर लिहा, असं सांगून संपादकांनी मला पाठवलं होतं. पण नाक्यावर प्रवासी कराची पावती हातात पडली आणि माझं लक्ष त्या कागदावरच खिळलं. 2011च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या 4,393 होती. एवढ्याशा गावाच्या घरपट्टीवर रस्ते, दिवाबत्ती, झाडलोट कशी भागायची? शनिवार-रविवारी माणसांचा लोंढा डोंगर चढून येतो आणि कचरा मागे ठेवून उतरतो. तो उचलायचा गावानं. पावती फाडणारी ही खिडकी गावाचा मोठा आधार आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट इथं चढून आले. 1905 मध्ये नगरपालिका आली आणि 1907 मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या प्रयत्नांतून नेरळहून छोटी गाडी वर पोचली. आज 1965च्या नगरपरिषद अधिनियमाखाली ही 'क' वर्गाची गिरिस्थान नगरपरिषद आहे. नगराध्यक्ष थेट मतदानातून येतात, सदस्यांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. ठराव सभागृहानं करायचा आणि अंमल सरकारनं नेमलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी. हे कुठल्याही लहान शहरात असंच चालतं.

माथेरानची गोष्ट पुढे अवघड होते. पाणी जीवन प्राधिकरणाकडे, भोवतालचं जंगल वनखात्याकडे, रूळ रेल्वेकडे. त्यावर 2003 पासून हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब सोडले, तर मोटारीला इथं बंदी. इतर गावांत ट्रक जे ओझं वाहतो, ते इथं बराच काळ घोड्याच्या आणि माणसाच्या अंगावर पडत आलं.

नाक्यावरून बाजाराकडे निघालो तेव्हा हातरिक्षा पुढे चालली होती. एकजण दांडी धरून ओढत होता, दोघे मागून रेटत होते. चढाला तिघांचेही पाय लाल मातीत रुतत होते. उतार लागला तसं मागच्या दोघांचं काम उलटं झालं. तीच रिक्षा ते आता सगळा भार टाकून मागे खेचू लागले, कारण तिला ब्रेक होता तो त्यांच्या टाचांचा. मी रिकाम्या हातांनी चालत होतो, तरी दम लागला. त्या टाचा मी विसरू शकत नाही. अशा 94 परवानाधारक हातरिक्षांवर इथली घरं चालत आली.

ई-रिक्षाची मागणी हातरिक्षा ओढणाऱ्यांमधूनच आली. एका निवृत्त शिक्षकानं त्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली आणि डिसेंबर 2022 मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा धावल्या. शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसं त्यात बसू लागली. घोडेवाल्यांना मात्र स्वतःच्या पोटाची काळजी लागली, आणि ती खोटी नव्हती. रस्त्याचा वाद त्याला जोडूनच आला. पावसाळ्यात लाल माती वाहून जाते, म्हणून पेव्हर ब्लॉक हवेत; पण ब्लॉकवर घोड्याचा पाय घसरतो, आणि काँक्रीट आलं की मागोमाग मोटारही येईल, ही भीती.

6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करायला सांगितलं. माणसानं माणसाला ओढणं प्रतिष्ठेला धरून नाही, असा त्याचा आशय. ई-रिक्षा खऱ्या रिक्षावाल्यांनाच भाड्यानं द्याव्यात, निधी नाही ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत मातीचे ब्लॉक चालतील, आतल्या पायवाटांवर नाहीत.

निकाल स्पष्ट आहे. पण अशा निकालाची खरी कसोटी लागते ती गावच्या कचेरीत. रिक्षावाल्यांची यादी कोण करणार, चार्जिंगची जागा कुठे देणार, बिघडलेली रिक्षा दुरुस्तीला डोंगर उतरून न्यायची कोणी? पावसात खचलेला रस्ता कुठल्या परवानगीनं सांधायचा? हे प्रश्न शेवटी या छोट्या नगरपरिषदेच्याच दारात येतात. मोठ्या शहराला एखादी चूक पचते. इथं एक नाव यादीतून गळलं, तर एका घराची चूल विझते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नोंदवहीत हातरिक्षापुढे ज्यांची नावं लिहिली आहेत, तीच ई-रिक्षापुढे लिहिली जावीत. त्या टाचांना आता विसावा मिळायला हवा, पण रोजगार गमावून नव्हे.