फाइल सापडली, पण तिचा पत्ता हरवला

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारचं मोठं डेटा सेंटर आहे. 26 सप्टेंबर 2025च्या रात्री त्याच्या पाचव्या मजल्यावर लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली. वीज गेली तरी सर्व्हर चालू राहावेत म्हणून ठेवलेल्या बॅटऱ्या होत्या त्या, आणि त्या दुसरीकडे हलवण्याचं काम चालू होतं. आग पूर्ण विझायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. तोवर पोस्टाच्या बँकेपासून मोबाइलमधल्या ओळखपत्रापर्यंत शेकडो सरकारी सेवा ठप्प झाल्या होत्या.

बहुतेक यंत्रणांची प्रत दुसरीकडे होती. त्यामुळे वेळ लागला तरी त्या पुन्हा उभ्या करता येणार होत्या. जी-ड्राइव्ह या सरकारच्या सामायिक साठवणुकीचं तसं नव्हतं. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाचे कागद स्वतःच्या पीसीवर न ठेवता इथे ठेवावेत, अशी 2018पासूनची सूचना होती. माणशी 30 जीबी जागा, आणि ती वापरू शकणारे कर्मचारी सुमारे साडेसात लाख. एकूण 858 टेराबाइट मजकूर जळाला आणि बाहेर कुठेही त्याचा बॅकअप नव्हता. या साठवणुकीची क्षमता प्रचंड, पण वेग कमी, त्यामुळे तिचा बाहेर बॅकअप घेता येत नव्हता, असं सरकारने सांगितलं. मनुष्यबळ खात्याने सगळे कागद तिथेच ठेवण्याचा नियम इमानेइतबारे पाळला होता, आणि सर्वांत जास्त फटका त्याच खात्याला बसला. जिथे कर्मचारी पीसीवरही एक प्रत ठेवत, ती खाती सावरली.

मग शोध सुरू झाला. आगीआधीच्या महिनाभरात पीसीवर उघडलेल्या फाइली, ई-मेलला जोडलेले मसुदे, छापून कपाटात ठेवलेले कागद, जिथून जे मिळेल ते गोळा करायचं. मंजुरी मिळालेले अधिकृत आदेश आणि अहवाल दुसऱ्या प्रणालीत राहत असल्याने वाचले. म्हणजे काय निर्णय झाला हे शाबूत राहिलं. तो कसा झाला, कोणते पर्याय बाजूला पडले, कुणी कोणती शंका काढली, हे बरंचसं गेलं. कोणत्याही सरकारच्या दृष्टीने हा तोटा मोठा आहे, आणि तो टेराबाइटमध्ये मोजता येत नाही.

मराठी वाचकाला इथे 21 जून 2012ची दुपार आठवेल. मुंबईत मंत्रालयाचे वरचे मजले त्या दिवशी जळाले आणि नस्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे गेले. त्यानंतरही कागद पुन्हा जुळवावे लागले. पण कागदी पत्रव्यवहाराची एक सोय होती: पाठवणाऱ्या कार्यालयाकडे स्थळप्रत असे आणि आवक-जावक नोंदवहीत क्रमांक असे. सामायिक सर्व्हरवर सगळे एकाच प्रतीवर काम करतात. तीच त्याची मोठी सोय, आणि तो पडला की तीच मोठी अडचण.

अशा सर्व्हरच्या पोटात कागद कसे राहतात, हे बाहेरून दिसत नाही. वापरणाऱ्याला फोल्डर दिसतात, फाइली दिसतात. मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट ज्या कार्यालयांत स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, तिथे ती फाइल डिस्कवर फाइल म्हणून नसतेच. ती डेटाबेसमध्ये असते, आणि 2013च्या आवृत्तीपासून तर तुकडे करून ठेवलेली असते. दस्तऐवजात एक परिच्छेद बदलला तर बदललेले तुकडेच नव्याने लिहायचे, अशी ही योजना आहे. त्यामुळे बंद पडलेल्या सर्व्हरची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली आणि वर्ड फाइली शोधायला गेलं, तर हाती काही लागत नाही. उलट डेटाबेसची फाइल धड मिळाली, तर बाकी सर्व्हर भंगारात गेला तरी चालतं. नव्या सर्व्हरला तो डेटाबेस जोडला की मजकूर उभा राहतो. कॉन्फ्लुअन्ससारख्या विकी-प्रणालीत पानांचा मजकूर डेटाबेसमध्ये आणि जोडपत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, तीही नावाने नव्हे, क्रमांकाने. डेटाबेस गेला आणि फोल्डर वाचलं, तर हजारो आकडी नावांच्या फाइली समोर येतात. कोणती कुणाची, कोणत्या पानाची, हे सांगणारी नोंद हरवलेली असते.

अशा वेळी अनुभवी तंत्रज्ञ आधी हात आवरतो. बंद पडलेल्या डिस्कवर नवं काही लिहायचं नाही, दुरुस्तीचं सॉफ्टवेअर थेट तिच्यावर चालवायचं नाही. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घ्यायची आणि सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करायचे. साहेब दर दहा मिनिटांनी ‘झालं का?’ विचारत असताना हे पथ्य पाळायला धीर लागतो. कित्येक ठिकाणी मूळ बिघाडाने गेलं नसतं इतकं घाईच्या दुरुस्तीने जातं. आणखी एक गोष्ट ऐन वेळी कळते: डिस्क कूटबद्ध केलेली असेल आणि तिची किल्ली त्याच सर्व्हरवर असेल, तर डिस्क धडधाकट असूनही निरुपयोगी ठरते.

मजकूर सापडला की काम संपलं, असं वाटतं. खरं अवघड काम तिथून सुरू होतं. 2022 साली ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅटलासियन कंपनीत जे घडलं त्यातून हे नीट कळतं. जिरा आणि कॉन्फ्लुअन्स ही या कंपनीची उत्पादनं. पुण्यातल्या आयटी कंपन्यांतही ती घरची झाली आहेत. कंपनीला एक जुनं जोड-अ‍ॅप काही ग्राहकांच्या साइटवरून काढायचं होतं. ते काढणाऱ्या स्क्रिप्टला अ‍ॅपचे क्रमांक द्यायचे होते, दिले गेले अख्ख्या साइटचे. शिवाय ती ‘कायमचं पुसा’ या पर्यायावर चालवली गेली. 5 एप्रिलला, भारतात दुपारचा एक वाजून गेल्यावर, 23 मिनिटांत 775 ग्राहकांच्या 883 साइट पुसल्या गेल्या.

बॅकअप होते, तेही चांगले. शेवटी बहुतेक ग्राहकांचं पाच मिनिटांपेक्षा जास्त काम हरवलं नाही. तरीही शेवटची साइट परत यायला 18 एप्रिल उजाडला. अडचण अशी की एकाच डेटाबेसमध्ये अनेक ग्राहकांचा मजकूर शेजारी शेजारी असतो. संपूर्ण डेटाबेस मागच्या तारखेला नेला, तर ज्यांचं काही गेलंच नव्हतं त्यांचंही ताजं काम पुसलं जाणार. म्हणून एकेका ग्राहकाचं तेवढंच वेगळं काढून परत बसवायचं होतं, आणि इतक्या मोठ्या संख्येने ते करण्याची स्वयंचलित सोय कुणी तयार केलेली नव्हती. पहिल्या पद्धतीत प्रत्येक साइट नव्याने जन्माला घातली जाई, तिला नवा क्रमांक मिळे. गाव तेच, माणसं तीच, पण सगळ्या घरांचे नंबर बदललेले, तसं झालं. कोणता वापरकर्ता कोणत्या साइटचा, कुणाला काय पाहायची मुभा, बाहेरचं कोणतं अ‍ॅप कुठे जोडलेलं, हे सगळं जुन्या क्रमांकांवर टांगलेलं होतं आणि ते एकेक करून नव्याने जुळवावं लागे. सत्तरहून अधिक पायऱ्या, सुमारे 48 तास. काही दिवसांनी अभियंत्यांनी वाट बदलली आणि जुनेच क्रमांक पुन्हा जिवंत करायचं ठरवलं. पायऱ्या तिसावर आल्या आणि वेळ 12 तासांच्या आसपास.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती, आणि ती मनाला जास्त लागते. ग्राहकांशी संपर्क साधायची माहितीही पुसलेल्या साइटबरोबरच गेली होती. मदतीची तक्रार नोंदवायची तर आपल्या साइटचा पत्ता द्यावा लागे, आणि तो पत्ता आता अस्तित्वात नसल्याने प्रणाली तक्रारच घेईना. ज्यांचं सगळं गेलं होतं, त्यांना ते कळवायचंही दार बंद होतं. ज्या यंत्रणेच्या बिघाडाची तक्रार करायची, तिच्यावरच तक्रारपेटी टांगू नये, हे साधं शहाणपण किती कार्यालयांत पाळलं जातं, हे तपासून पाहायला हवं.

बॅकअप आहेत असं वाटणं आणि ते असणं यांतला फरक प्रोग्रॅमरांचे प्रोग्रॅम साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या लोकांनी 31 जानेवारी 2017ला अनुभवला. रात्री उशिरा एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसायला घेतलं. चूक एक-दोन सेकंदांत लक्षात आली, पण सुमारे 300 जीबीपैकी साडेचारच जीबी उरलं होतं. मग बॅकअप शोधले. रोज प्रत घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने मुकाट अपयशी ठरत होता. तो बंद असल्याचे इशारे देणारे ई-मेल मेल-सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. डेटाबेसच्या डिस्कचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाच्या प्रती, चालूच केलेले नव्हते. वाचवलं ते एका योगायोगाने: दुसऱ्या कामासाठी कुणीतरी सहा तासांपूर्वी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. तोही संथ डिस्कवरून परत यायला सुमारे 18 तास लागले. लोकांचे प्रोग्रॅम सुरक्षित राहिले. त्या सहा तासांतल्या चर्चा, सुमारे 5,000 टिपण्या आणि 700 नवी खाती गेली. कंपनीने दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं आणि नंतर सगळ्या चुका जाहीर लिहिल्या. त्या प्रामाणिकपणाचा उपयोग आजही अनेकांना होतो आहे.

नुसतं स्थलांतरही जीवघेणं ठरू शकतं. मायस्पेस या समाजमाध्यमाने सर्व्हर बदलताना 2015पर्यंतची सगळी गाणी गमावल्याचं 2019मध्ये जगजाहीर झालं. अंदाज पाच कोटी गाण्यांचा. त्यातली सुमारे 4 लाख 90 हजार इंटरनेट आर्काइव्हकडे आली, कारण ती कुणीतरी पूर्वीच अभ्यासासाठी उतरवून ठेवली होती.

मराठी कागद हलवताना मात्र काही अडचणी खास आपल्याच असतात. युनिकोड रुळण्याआधी इथल्या कार्यालयांत, छापखान्यांत, वर्तमानपत्रांत सी-डॅकचं आयएसएम, श्री-लिपी अशा सॉफ्टवेअरचे फाँट चालत. त्या फाइलींत मराठी अक्षरांच्या जागी खरं तर रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत साठवलेले असतात. फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. नव्या सर्व्हरवर तो फाँट नसला की वीस वर्षांची इतिवृत्तं निरर्थक रोमन अक्षरांची रास होऊन समोर येतात. फाइल उघडते, आकार बरोबर असतो, कोणतीही तपासणी चूक दाखवत नाही, फक्त वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा, आणि रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांटी इथे हमखास घोळ होतो. मराठी वाचणाऱ्या माणसाने पानं डोळ्यांखालून घातल्याशिवाय असं स्थलांतर पूर्ण झालं म्हणू नये.

फाइलींच्या नावांचंही तसंच. विंडोजवर फाइलीच्या नावात 255 अक्षरं मावतात. लिनक्सच्या सर्वसाधारण डिस्कवर मर्यादा 255 बाइटची आहे, आणि युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी वेगळे मोजून. म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. ‘जिल्हास्तरीय समितीच्या बैठकीचे सुधारित इतिवृत्त व त्यासोबतची जोडपत्रे अंतिम’ असल्या नावाला आणखी दोन शब्द आणि तारीख जोडली की ती फाइल नव्या सर्व्हरवर जायला नकार देते. नकारांची यादी कुणी वाचली नाही, तर ती जुन्याच सर्व्हरवर राहते आणि त्याच्याबरोबर भंगारात जाते.

तारखा आणि नावं हा आणखी एक कळीचा भाग. साध्या कॉपीने हलवलेल्या फाइलींवर सुधारणेची तारीख स्थलांतराच्या दिवसाची पडू शकते, आणि लिहिणाऱ्याच्या जागी अ‍ॅडमिनचं नाव येऊ शकतं. माहितीच्या अधिकारात कुणी जुना मसुदा मागितला, किंवा प्रकरण कोर्टात गेलं, तर हा फरक महागात पडतो. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63मधल्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचं हॅश मूल्य द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला लांबलचक आकडा. एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो. हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर हॅश काढून ताडून पाहिला, तर लाख फाइलींतली बिघडलेली एकही निसटत नाही. एवढी सोपी तपासणी असून ती वगळली जाते, याचं वाईट वाटतं.

शेअरपॉइंटच्या 2016 आणि 2019 या आवृत्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली पाठबळाची मुदत 14 जुलै 2026 आहे. अ‍ॅटलासियनने आपल्या सर्व्हर आवृत्त्यांचं पाठबळ 15 फेब्रुवारी 2024लाच थांबवलं. तरी अशा जुन्या सर्व्हरवर चालणारी सहकारी संस्था, कॉलेज किंवा मधल्या आकाराचा कारखाना सापडणं अवघड नाही. त्यांचा सर्व्हर अजून चालतो आहे, हे त्यांचं भाग्य. कोणत्या फोल्डरचा धनी कोण, कोणती लिंक कोणत्या पत्रकात छापली आहे, कुणाला काय पाहायची परवानगी आहे, जुना फाँट कोणता, ही यादी तो चालू असतानाच तासाभराच्या बैठकांतून करता येते. मग सुट्टीच्या दिवशी एका रिकाम्या मशीनवर कालचा बॅकअप उतरवायचा, आणि लेखाविभागातल्या एखाद्या बाईंना बोलावून मागच्या वर्षीचं ताळेबंदाचं फोल्डर तिथे उघडायला सांगायचं, त्यांच्याच पासवर्डने.