हाताची घडी, ओळखीचा माणूस आणि नोकरी

इंजिनिअरिंग कॉलेजांत प्लेसमेंटचा हंगाम आला की दोन सल्ले हमखास कानावर पडतात. ‘सॉफ्ट स्किल्स’च्या वर्गात सांगतात, मुलाखत देहबोलीवर जिंकली जाते. घरी जेवताना सांगतात, ओळखीशिवाय हल्ली काही होत नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण ते जेवढं सांगितलं जातं त्याहून बरंच कमी आणि वेगळ्या जागी.

गैरसमज १ : संवादाचा ९३ टक्के भाग देहबोलीचा असतो.

वस्तुस्थिती : हा आकडा आला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन छोट्या प्रयोगांतून. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, एका प्रयोगात जोडीला चेहऱ्याचे फोटोही होते. बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायचं होतं. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, अशा वेळी ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, हे त्यातून पाहिलं गेलं. ७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज आणि ५५ टक्के चेहरा हे समीकरण तिथलं. आवड-नावड आणि भावना सोडून इतर बोलण्याला ते लागू नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे.

‘डेटाबेस संथ झाला तर कारण कसं शोधाल?’ या प्रश्नाचं ९३ टक्के उत्तर भुवयांनी देता येत नाही. मात्र ‘मला या कामात खूप रस आहे’ हे वाक्य पडलेल्या आवाजात, टेबलाकडे बघत म्हटलं, तर ऐकणारा शब्दांपेक्षा आवाजावर विश्वास ठेवणार. देहबोलीचं महत्त्व इथे आहे. तिने बोलण्याला खोटं पाडू नये.

गैरसमज २ : आत जाण्याआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून छाती काढून उभं राहिलं की शरीरात आत्मविश्वास तयार होतो.

वस्तुस्थिती : डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी २०१० मध्ये ४२ जणांवर हा प्रयोग केला आणि अशा पवित्र्याने संप्रेरकं बदलतात असा दावा केला. कडी यांच्या २०१२ च्या टेड भाषणामुळे तो जगभर पसरला. २०१५ मध्ये एव्हा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी २०० जणांवर तो करून पाहिला. लोकांना स्वतःला जरा दमदार वाटलं खरं, पण संप्रेरकांत फरक दिसला नाही. २०१६ मध्ये कार्नी यांनी स्वतःच जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं आपल्याला आता वाटत नाही. बरं वाटत असेल तर खुशाल उभं राहावं. पण बायोडेटात लिहिलेला प्रकल्प मनात एकदा उजळला, तर ती दोन मिनिटं जास्त कामी येतील.

गैरसमज ३ : हाताची घडी घातली म्हणजे मन बंद, नजर वळवली म्हणजे माणूस खोटं बोलतोय.

वस्तुस्थिती : चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखण्यात लोकांचं यश सरासरी ५४ टक्के निघालं, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा जेमतेम बरं. एसी जोरात असला तरी माणूस घडी घालतो, आणि आठवताना नजर बाजूला जातेच. शिवाय मोठ्यांच्या नजरेला नजर न भिडवणं हा कित्येक घरांत आदर मानला जातो.

तरीही मुलाखत घेणाऱ्याच्या मनात असे ठोकताळे असू शकतात, म्हणून थोडी काळजी घ्यावी. प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून उत्तर सुरू करावं, मग बाकीच्यांकडेही बघावं. व्हिडिओ मुलाखतीत कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा. समोरून हात पुढे आला तर नीट मिळवावा, नाहीतर नमस्कार पुरतो.

गैरसमज ४ : नेटवर्किंग हे वशिल्याचंच इंग्रजी नाव.

वस्तुस्थिती : मुंबईतल्या गिरणगावाचा इतिहास पाहिला तर फरक कळतो. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला माणूस गाववाल्यांच्या खोलीवर उतरायचा आणि कुठल्या गिरणीत माणसं हवीत हे त्याला तिथेच कळायचं. ही झाली माहिती. भरती जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, हातात असल्याने त्याचा हात ओला करून काम मिळवणं, हा झाला वशिला. आजही आयटी कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेला उमेदवार निवडला गेला तर त्या कर्मचाऱ्याला बक्षीस मिळतं. उमेदवाराला मात्र सगळ्या फेऱ्या पार कराव्या लागतात.

सरकारी नोकरीत तर ओळखीला आणखी कमी वाव. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात, आणि उमेदवारीसाठी वजन वापरल्याचं आढळलं तर उमेदवार अपात्र ठरू शकतो.

गैरसमज ५ : नोकरी लावून देतील ती जवळचीच माणसं.

वस्तुस्थिती : समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला. त्यावर आधारित त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७३ चा. ज्यांना कुणाकडून तरी कळून नोकरी मिळाली होती, त्यांना ग्रॅनोव्हेटर यांनी विचारलं, त्या माणसाची भेट किती वेळा व्हायची? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे २७.८ टक्के.

कारण साधं आहे. जिवलग मित्र त्याच वर्तुळात फिरतो, त्यामुळे त्याला ठाऊक असलेलं आपल्यालाही बहुधा ठाऊक असतं. जुना सहकारी, दोन वर्षं पुढचा सीनियर, लग्नात भेटलेला आतेभावाचा मित्र यांचं वर्तुळ वेगळं, म्हणून त्यांच्याकडची बातमी नवी. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत सर्वांत उपयोगी ठरली मध्यम विरळ ओळख. अगदीच जुजबी ओळखीचा तेवढा फायदा झाला नाही.

म्हणून पाचशे जणांना ‘माझ्यासाठी काही असेल तर बघा’ असं पाठवण्यापेक्षा, त्याच क्षेत्रातल्या अर्ध्या-ओळखीच्या चार जणांना एकेक नेमका प्रश्न विचारावा : ‘तुमच्या विभागात नव्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत काय करून दाखवावं अशी अपेक्षा असते?’ असं विचारलं तर कुणाला अवघडल्यासारखं होत नाही, आणि बरेच जण उत्तर देतात. त्या उत्तरातून कळतं मुलाखतीत काय बोलायचं. ते ठाऊक असलेल्या उमेदवाराला हात कुठे ठेवावेत, हा प्रश्न फारसा पडत नाही.