गरगरणारं इंजिन आणि एरंडेलाचा फवारा

एरंडेल म्हटलं की तोंड वाकडं झालं ना? पोट साफ व्हावं म्हणून पूर्वी मुलांचं नाक दाबून चमचाभर पाजायचे, तेच ते. शंभर वर्षांपूर्वी काही वैमानिकांच्या पोटात ते न मागता जायचं, आणि तेही भर आकाशात! हा सगळा प्रताप होता एका चक्रम इंजिनाचा.

१९०३ साली राइट बंधूंचं विमान उडालं. त्याचं इंजिन पाण्याने थंड ठेवलेलं होतं. आता पाणी आलं की ते निववायला रेडिएटर आला, नळ्या आल्या आणि या सगळ्याचं वजन आलं. विमानाला वजन म्हणजे शत्रूच. मग नुसत्या वाऱ्यावर भागवायचं का? तर त्या काळची विमानं इतकी सावकाश उडायची की इंजिनाला पुरेसा वाराच लागायचा नाही. थोड्याच वेळात ते तापून लालबुंद.

फ्रान्समधल्या लुई आणि लोराँ सेगाँ या भावांनी म्हटलं, वारा इंजिनाकडे येत नाही ना? मग इंजिनालाच वाऱ्यात फिरवू! ही कल्पना आधीही काहींना सुचली होती, पण विमानात ती झकास चालवून दाखवली या दोघांनी.

१९०८ च्या सुमारास त्यांनी ‘ग्नोम’ नावाचं इंजिन तयार केलं. मधे एक गोल पेटी आणि तिच्याभोवती सात सिलिंडर. (स्वयंपाकघरातले नव्हेत हं! यांच्या आत पेट्रोल पेटतं आणि पिस्टन पुढेमागे होतो.) एरवी सिलिंडर जागचे हलत नाहीत. मधला दांडा फिरतो आणि प्रोपेलरला फिरवतो. इथे सगळाच उलटा कारभार! दांडा विमानाला घट्ट आवळून टाकलेला, आणि सिलिंडर अन् प्रोपेलर अशी सगळी वरात त्याच्याभोवती गरागरा फिरणारी, मिनिटाला सुमारे १२०० फेऱ्या! एकेक सिलिंडर पोलादाच्या ठोकळ्यातून कातून काढलेला, त्याची भिंत जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची. वजन ७५ किलोच्या आसपास आणि ताकद ५० अश्वशक्ती. राइट बंधूंच्या इंजिनाचं वजनही साधारण एवढंच होतं, पण ताकद फक्त १२!

ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधल्या रँस इथे विमानांची मोठी शर्यत भरली. आंरी फार्मान यांनी ग्नोम इंजिनावर एका दमात १८० किलोमीटर अंतर कापलं आणि बक्षीस पटकावलं. मग काय, ज्याला त्याला ग्नोमच हवं!

आणि एरंडेल? सांगते. या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण मधल्या पोकळ दांड्यातून पेटीत यायचं आणि तिथून सिलिंडरमध्ये जायचं. साधं इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होतं. एरंडेल तसं सहज विरघळत नाही, म्हणून वंगण एरंडेलाचं. पण एकदा आत गेलेलं तेल परत यायचं नाही. ते धुराबरोबर बाहेर उडायचं आणि मागे बसलेल्या वैमानिकाच्या चष्म्यावर, कपड्यांवर आणि नाकातोंडात. पुढे पोटाचं काय होत असेल ते तुम्हीच ओळखा!

पहिल्या महायुद्धात हरदितसिंग मलिक हे आपले वैमानिक ‘सॉपविथ कॅमल’ हे विमान चालवायचे. पगडी असल्यामुळे त्यांनी खास मोठं हेल्मेट करून घेतलं होतं. कॅमलचं इंजिनही फिरतंच. एवढा जड भोवरा नाकावर घेऊन उडायचं म्हणजे काय! विमान उजवीकडे गर्रकन वळायचं, पण डावीकडे वळताना कुरकुरायचं. नवख्या वैमानिकांची त्याने भंबेरी उडवली.

आता एक गंमत करा. सात जण गोल करून उभे राहा. पहिल्याने टाळी वाजवायची, मग एकाला सोडून पुढच्याने. १, ३, ५, ७, आणि न थांबता २, ४, ६. दोन फेऱ्यांत सगळ्यांची पाळी येते, ठेकाही चुकत नाही. आता आठ जणांनी करून बघा. २, ४, ६, ८ हे बिचारे ताटकळतच राहतात! या इंजिनातला प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, एक सोडून एक. म्हणून सिलिंडर सात किंवा नऊ, आठ नाहीत.

मोठी ताकद हवी झाली तेव्हा मात्र या इंजिनाची अडचण झाली. वेग वाढवावा तर फिरणारे सिलिंडर हवा कापण्यातच ताकद संपवायचे. तोवर विमानंही वेगवान झाली होती, वारा समोरून भरपूर मिळायला लागला होता. मग सिलिंडर पुन्हा स्थिर झाले आणि मधला दांडा फिरू लागला. सिलिंडरांचा गोल मात्र तसाच राहिला. डकोटा विमानाच्या प्रत्येक इंजिनात असे १४ सिलिंडर असतात. काय म्हणता, १४ ही तर सम संख्या? अहो, नीट बघा: सात पुढे आणि सात मागे!